आरोग्यचिंतन : गोळी थांबल्यानंतरचा चेहरा

संततिनियमनाची गोळी बंद केल्यानंतरचे पहिले दोन महिने बहुधा शांततेत जातात. पाळी एखादे वेळी पुढे-मागे होते, एवढेच. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मात्र हनुवटीवर, जबड्याच्या कडेला आणि मानेच्या वरच्या भागात दुखरे, खोल गाठीसारखे मुरुम उमटू लागतात. पाळीच्या आधीच्या आठवड्यात ते वाढतात, नंतर थोडे ओसरतात. शाळकरी वयातील मुरुम कपाळावर आणि नाकावर असत. हे निराळ्या जागी आणि निराळ्या स्वभावाचे. संसारात स्थिरावलेल्या सव्वीस-अठ्ठावीस वर्षांच्या स्त्रीला हा प्रकार अनपेक्षित असतो आणि घरातल्यांना त्याचा उलगडा होत नाही.

यात गूढ असे काही नाही. स्त्रीच्या शरीरातही अँड्रोजेन नावाची पुरुषी संप्रेरके थोड्या प्रमाणात तयार होतात. काही बीजकोशांत, काही मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींत. त्वचेतील तैलग्रंथी त्यांच्याच इशाऱ्यावर चालतात. नेहमीच्या संयुक्त गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन अशी दोन संप्रेरके असतात. ही गोळी बीजकोशांचे काम थांबवून ठेवते, त्यामुळे तेथील अँड्रोजेनची निर्मिती घटते. शिवाय इस्ट्रोजेनमुळे यकृत एक विशिष्ट प्रथिन अधिक प्रमाणात तयार करते आणि ते प्रथिन रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवते. तैलग्रंथींपर्यंत पोहोचणारा हुकूमच मंदावतो आणि चेहरा नितळ दिसू लागतो. गोळी थांबली की ही दोन्ही बंधने सुटतात. व्यापारी घराला हे समजणे अवघड नाही : गोळीने देणे फेडलेले नव्हते, हुंडीची मुदत तेवढी वाढवली होती. ज्या स्त्रीची त्वचा मुळातच मुरुमांकडे झुकणारी होती, बहुधा तिच्याच दारी ती हुंडी परत येते.

म्हणूनच ‘गोळीचे विष अंगात साठले आहे, ते बाहेर पडते आहे’ ही सर्वत्र ऐकू येणारी समजूत चुकीची आहे. गोळीतील संप्रेरके काही दिवसांतच शरीराबाहेर जातात. साठलेले असे काही नसते. त्यामुळे ते ‘काढून टाकण्यासाठी’ विकले जाणारे काढे, चूर्णे आणि महागडे रस घेण्याचे कारणही उरत नाही.

प्रश्न केवळ त्वचेचा असता तर त्यावर इतके लिहिण्याची गरज नव्हती. ही गोळी घरात कशी येते, हे पाहिले पाहिजे. पुष्कळदा ती विवाहापूर्वीच आलेली असते. महाविद्यालयात असताना पाळी अनियमित होती किंवा मुरुम होते म्हणून डॉक्टरांनी लिहून दिली, पुढे चार-पाच वर्षे चालू राहिली, आणि लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांत अपत्याचा विचार सुरू झाल्यावर बंद झाली. सासरी ही गोष्ट पतीखेरीज कोणाला ठाऊक नसते. म्हणजे ज्या महिन्यांत सारे घर एका शुभवार्तेकडे डोळे लावून बसलेले असते, नेमक्या त्याच महिन्यांत तिचा चेहरा बिघडतो आणि कारण सांगण्याची तिला सोय नसते. काकीसासू म्हणतात अंगात उष्णता वाढली आहे, मोठ्या जाऊबाई म्हणतात पोट साफ होत नसेल, एखादी पाहुणी ‘आधी किती छान दिसायची’ असे तिच्यासमोरच बोलून जाते. आठ मदांपैकी रूपमद त्याज्य मानणाऱ्या समाजात रूपाची चौकशी मात्र सर्वांत मोकळेपणाने होते, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

या दडपणाखाली ती दोनपैकी एक मार्ग धरते. एक तर अपत्याची इच्छा असूनही पुन्हा गोळी सुरू करते, किंवा ओळखीच्या औषध दुकानातून ‘लवकर गुण येणारे’ मलम गुपचूप मागवते. दुसरा मार्ग अधिक धोक्याचा आहे. अशा मलमांत पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते. आठवडाभरात लाली जाते, चेहरा उजळतो, विश्वास बसतो. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मलम थांबवताच पूर्वीपेक्षा अधिक पुरळ उठते आणि ते सोडवेनासे होते. पाकिटावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी कोणतेही नाव असेल, तर ते मलम मुरुमांसाठी वापरायचे नाही, एवढे प्रत्येक घराने लक्षात ठेवावे.

मुरुम डोळ्यांना दिसतो त्याच्या कित्येक आठवडे आधी त्वचेच्या छिद्रात त्याची सुरुवात झालेली असते. आज केलेल्या उपायाचे फळ म्हणून आठवड्याने दिसणार नाही. निदान 12 आठवडे गेल्याशिवाय कोणत्याही उपायाला यशस्वी किंवा निरुपयोगी म्हणता येत नाही. संप्रेरकांचा स्वतःचा क्रम पूर्ववत होण्यास काहींना सहा महिने लागतात, काहींना वर्ष. दर पंधरा दिवसांनी उपाय बदलणारी स्त्री कोणत्याच उपायाला पुरती संधी देत नाही. तिला उपाय बदलायला लावणारे घरही तेवढेच जबाबदार असते.

आता आहाराकडे वळावे. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटावर सुमारे 1200 लोकांची तपासणी केली; एकाच्याही चेहऱ्यावर मुरुम आढळले नाहीत. त्या बेटावरचा आहार कंदमुळे, फळे, नारळ आणि मासे यांचा. जैन घराने त्यातून काय घ्यावे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. घेण्याजोगे आहे ते त्यांच्या ताटात नसलेले : साखर, मैदा, कारखान्यात तयार झालेले खाणे. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात 43 तरुणांवर झालेल्या 12 आठवड्यांच्या प्रयोगाने हेच अधिक नेमकेपणाने दाखवले. रक्तातील साखर झपाट्याने न वाढवणारा आहार घेणाऱ्यांचे मुरुम दुसऱ्या गटापेक्षा अधिक कमी झाले. तो प्रयोग मुलांवर झाला होता, हे खरे. परंतु त्यामागील कारण स्त्रियांनाही लागू पडते. रक्तात साखर एकदम चढली की इन्सुलिन चढते, आणि वाढलेले इन्सुलिन बीजकोशांना अधिक अँड्रोजेन तयार करण्यास उद्युक्त करते. गोळी नुकतीच सुटलेल्या स्त्रीला नेमके हेच नको असते.

जैन स्वयंपाकघर या कसोटीवर कसे उतरते? मर्यादा मोठ्या आहेत, पण त्या दुसऱ्या दिशेच्या आहेत. बटाटा वर्ज्य, कांदा-लसूण वर्ज्य. मैदा आणि साखर मात्र कोठेही वर्ज्य नाहीत. नवकारशीनंतरचा गोड चहा, त्यासोबत बिस्किटे किंवा शेव-फाफडा. दुपारी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर आणखी दोन-तीन चहा. सूर्यास्तापूर्वी घाईघाईने उरकायचे जेवण म्हणून कच्च्या केळ्याची पावभाजी, पास्ता किंवा मैद्याचे काही. सणावारी घेवर, बुंदी, मोहनथाळ. कंद टाळल्याचे समाधान असते आणि ताटातली साखर नजरेतून सुटते. याउलट ज्वारी-बाजरीची भाकरी, मूग, मठ, चणे, तूरडाळ, मेथी, दुधी, तोंडली, गवार हे सारे याच घरात पिढ्यान्‌पिढ्या शिजत आले आहे. कडधान्य आणि भाकरी यांनी साखर हळूहळू चढते. बाहेरून नवे काही आणावे लागत नाही. मैद्याच्या जागी भाकरी आणि चहातली साखर निम्मी, इतकी सुरुवात पुरते.

रात्रिभोजनत्यागाचाही येथे उपयोग होतो. चौविहार पाळणाऱ्या घरात रात्री अकराला आइस्क्रीम आणि शीतपेय यांचा प्रश्नच येत नाही. अडचण सूर्यास्तापूर्वीच्या तासाची आहे. पाचच्या भुकेला आधी फरसाण आणि मग सहाचे जेवण, असा क्रम पडला तर हा लाभ हातचा जातो.

दूध हा नाजूक विषय. अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांत दूध आणि मुरुम यांचा संबंध आढळला आहे, विशेषतः साय काढलेल्या दुधाचा. दही आणि चीज यांच्या बाबतीत तो तितका स्पष्ट नाही. व्यायामशाळेत जाणारे तरुण जी व्हे पावडर घेतात, ती दुधापासूनच होते आणि तिच्यामुळे मुरुम उसळल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. घरातील भावाची किंवा दिराची पावडर ‘प्रथिने कमी पडतात’ म्हणून सुनेला दिली जात असेल, तर ती आधी थांबवावी. दूध मात्र आयुष्यभरासाठी सोडण्याचे कारण नाही. शंका असेल तर 12 आठवडे पेलाभर दूध बंद ठेवून पाहावे, त्या काळात तीळ आणि नाचणी यांतून कॅल्शियम मिळवावे, आणि फरक पडला नाही तर दूध पुन्हा सुरू करावे.

छह विगईंपैकी दररोज एखादी सोडण्याचा नियम अनेक श्राविका घेतात. असा नियम घेणाऱ्या स्त्रीने या काळात साखर-गुळाची विगई सोडण्याकडे कल ठेवला, तर नियमाला बाध येत नाही आणि त्वचेलाही लाभ होतो. चैत्र आणि आश्विनातील आयंबिलाच्या ओळीत नऊ दिवस दूध, तूप, तेल, साखर सारेच सुटते. ‘ओळीत चेहरा छान झाला’ असे काही स्त्रिया सांगतात, त्यात नवल नाही. तथापि आयंबिल हे तप आहे; मुरुमांसाठी ते करावे असे सुचवणे तपाचा अनादर ठरेल. ते श्रद्धेने करणारीने आयंबिलात केवळ पांढऱ्या भातावर न राहता मूग, चणे आणि ज्वारी यांचे प्रमाण वाढवावे. अपत्याची इच्छा असलेल्या स्त्रीने अठ्ठाईसारखी दीर्घ तपस्या घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी आणि साध्वीजींशी मोकळेपणाने बोलावे. पारण्यानंतरच्या आठवड्यात येणाऱ्या मिठाईच्या डब्यांविषयी मात्र कोणाचाच सल्ला घेण्याची गरज नाही.

शाकाहारी घरांसाठी आणखी एका गोष्टीची दखल घेणे अगत्याचे आहे, कारण त्वचेच्या चर्चेत ती सहसा येत नाही. जैन कुटुंबांत ब 12 जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते आणि तिच्यासाठी इंजेक्शने किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्या दिल्या जातात. दिवसाची गरज 2.5 मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. बाजारातील गोळ्या बहुधा 1500 मायक्रोग्रॅमच्या. मोठ्या मात्रेतील ब 12 मुळे काहींना मुरुमांसारखे पुरळ उठते, हे त्वचारोगतज्ज्ञांना पूर्वीपासून ठाऊक आहे. 2015 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी त्याचे एक संभाव्य कारणही दाखवले : या जीवनसत्त्वामुळे त्वचेवरील मुरुमांशी निगडित जिवाणूंचे वर्तन बदलते. गोळी सोडल्यानंतरच्या तपासणीत ब 12 कमी निघाले, इंजेक्शनांचा क्रम सुरू झाला आणि दोन आठवड्यांत चेहऱ्यावर एकसारखे बारीक पुरळ आले, तर दोष संततिनियमनाच्या गोळीला देण्यापूर्वी तारखा ताडून पाहाव्यात. यावरून ब 12 बंद करावे असा अर्थ कोणी काढू नये. अपत्याच्या तयारीत असलेल्या स्त्रीला त्याची कमतरता परवडणारी नाही. फॉलिक ॲसिडची रोजची 400 मायक्रोग्रॅमची मात्राही तिने गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधी सुरू केलेली असावी. डॉक्टरांशी बोलून ब 12 ची मात्रा लहान करता येते.

चेहऱ्यावर लावण्याच्या उपायांत घरोघरचे ज्ञान उदंड आहे आणि त्यातले बरेच निरुपद्रवी आहे. मुलतानी मातीने तेलकटपणा काही तास कमी होतो. चंदनाने थंडावा वाटतो. उगाळलेल्या जायफळाचा लेप पिढ्यांपासून लावला जातो. त्यांनी संप्रेरकांचे मुरुम बरे होत नाहीत, पण त्वचा कोरडी पडेपर्यंत घासले नाही तर नुकसानही होत नाही. लिंबाचा रस, खायचा सोडा आणि टूथपेस्ट मात्र टाळावी. त्यांनी त्वचा भाजते आणि डाग मागे राहतात. मधाचे लेप सुचवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मध वर्ज्य असलेल्या घराचे त्यावाचून काहीही अडत नाही. केसांना चोपडलेले तेल रात्री उशीवरून कपाळावर आणि गालांवर उतरते, म्हणून तेल लावून झोपण्याऐवजी न्हाण्यापूर्वी तासभर लावणे बरे.

वनस्पतिजन्य उपायांपैकी ज्याच्या पाठीशी खरा पुरावा आहे, असा एक म्हणजे टी-ट्री तेल. 1990 मध्ये ऑस्ट्रेलियात 124 रुग्णांवर झालेल्या तुलनेत या तेलाचे 5 टक्के प्रमाण असलेले जेल बेन्झॉइल पेरॉक्साइडपेक्षा हळू, पण निश्चित गुणकारी ठरले आणि त्रासही कमी झाला. शुद्ध तेल थेट लावले तर मात्र चेहरा पोळतो. दुसरा पुदिन्याचा चहा. तुर्कस्तानात आणि ब्रिटनमध्ये झालेल्या लहान प्रयोगांत दिवसातून दोन पेले स्पिअरमिंट पुदिन्याचा चहा घेणाऱ्या स्त्रियांच्या रक्तातील मोकळे टेस्टोस्टेरॉन कमी झाले. ते प्रयोग चेहऱ्यावर केस वाढलेल्या स्त्रियांवर होते, मुरुमांवर नव्हते. तेव्हा बिनसाखरेचा पुदिना-चहा गोड चहाच्या जागी घ्यावा, त्याला औषध समजू नये. ‘वायटेक्स’ नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्यांना काही दुकानदार निर्गुंडी म्हणतात. दोन्ही एकाच कुळातील असल्या तरी वनस्पती वेगवेगळ्या आहेत, आणि वायटेक्सचा परिणाम थेट संप्रेरकांवर होत असल्याने गर्भधारणेच्या प्रयत्नात असताना ते परस्पर घेऊ नये.

येथे ‘नैसर्गिक’ या शब्दाची मर्यादा येते. मुरुम खोल, गाठीचे आणि व्रण ठेवणारे असतील, तर महिनोन्‌महिने लेप लावत बसणे हे त्वचेचे कायमचे नुकसान ओढवून घेणे आहे. परंतु अपत्याची इच्छा असेल तर डॉक्टरांकडे जाताना ते पहिल्याच वाक्यात सांगितले पाहिजे, मग सोबत सासूबाई असोत वा नसोत. आयसोट्रेटिनॉइन या मुरुमांवरील प्रभावी औषधाने गर्भात गंभीर व्यंगे होतात. ते बंद केल्यानंतरही किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. डॉक्सिसायक्लिन, स्पायरोनोलॅक्टोन आणि ट्रेटिनॉइन-अडापलीनची मलमेही या काळात नकोत. यांपैकी एखादी जुनी ट्यूब कपाटात पडलेली असते आणि ‘मागे गुण आला होता’ म्हणून तीच पुन्हा उघडली जाते. ॲझेलाइक ॲसिड आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड हे पर्याय डॉक्टर अशा स्त्रीला सहसा देऊ शकतात. ॲझेलाइक ॲसिड गहू-जवासारख्या धान्यांतही आढळते, आणि त्याने मुरुमांबरोबर काळे डागही फिके होतात.

अहिंसेच्या दृष्टीने एक सूचना. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राणिज जिलेटिनचे असते. त्वचेसाठी विकली जाणारी कोलाजेन पावडर प्राण्यांपासूनच मिळते. ओमेगा-3 च्या गोळ्यांत माशाचे तेल असते. खाद्यपूरकांवर हिरवे किंवा तपकिरी चिन्ह पाहता येते, औषधांच्या पाकिटावर ते सहसा नसते. म्हणून डॉक्टरांना आधीच विचारावे. गोळीच्या किंवा वनस्पतिजन्य आवरणाच्या स्वरूपात पर्याय बहुतेक वेळा मिळतो. ओमेगा-3 साठी घरातले जवस आणि अक्रोड आहेतच.

गोळी चालू असताना दर महिन्याला येणारा रक्तस्राव ही शरीराची स्वतःची पाळी नसते; गोळ्यांच्या खंडामुळे तो येतो. त्यामुळे मूळचा पीसीओएस वर्षानुवर्षे झाकला जाऊ शकतो आणि गोळी सुटल्यावरच उघड होतो. तीन महिने उलटूनही पाळी आली नाही आणि गर्भही नाही, हनुवटीवर जाड केस वाढू लागले, डोक्यावरचे विरळ झाले, कमरेभोवती वजन चढले, तर त्वचारोगतज्ज्ञाबरोबरच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. संप्रेरकांच्या रक्ततपासण्या गोळी थांबल्यावर साधारण तीन महिन्यांनी केल्या तर त्यांचा अर्थ नीट लागतो. या भेटीत आणखी एक गोष्ट लपवू नये. पर्युषण, प्रतिष्ठा, शिखरजी किंवा पालिताण्याची यात्रा यांसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या अनेक घरांत घेतल्या जातात. त्या संततिनियमनाच्या गोळीपेक्षा वेगळ्या असतात आणि त्यांनी गर्भधारणा टळत नाही. परंतु त्या किती वेळा घेतल्या हे डॉक्टरांना कळले नाही, तर पाळीच्या अनियमितपणाचा अर्थ चुकीचा लावला जातो.

अपत्य इतक्यात नको असूनही काही जणी गोळी सोडतात. त्यांनी दुसरी योजना आधी ठरवावी. तांबीमध्ये संप्रेरक नसते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, सरकारी केंद्रांत ‘छाया’ या नावाने मिळणारी आठवड्याची गोळीही नेहमीच्या संप्रेरकांची नाही. दर तीन महिन्यांनी घ्यावयाच्या ‘अंतरा’ इंजेक्शनात केवळ प्रोजेस्टोजेन असते. त्याने काहींचे मुरुम वाढू शकतात, म्हणून निवड करताना त्वचेची तक्रार सांगावी.

मुरुम गेल्यानंतरही भारतीय त्वचेवर तपकिरी डाग काही महिने रेंगाळतात, आणि पुष्कळ स्त्रिया या डागांनाच चालू असलेला आजार समजून औषध वाढवत राहतात. ते आपोआप फिके होतात, मात्र उन्हाने गडद होतात. पहाटे साध्वीजींच्या विहारात चालायला निघालेली मंडळी परत येईपर्यंत ऊन चांगलेच चढलेले असते. त्या दिवशी निघण्यापूर्वी उन्हापासून बचाव करणारे मलम लावावे आणि पदर कपाळावर थोडा पुढे ओढून घ्यावा.